हिरोडोटसचा कंबायसिस

जित राष्ट्राची कहाणी त्याच्या स्वतःच्या तोंडून ऐकावयास मिळणें हा इतिहासांत क्वचितच येणारा योग होय. ख्रिस्तपूर्व ५२५ मध्यें इराणचा बादशहा कंबायसिस यानें इजिप्त देश जिंकला, आणि हजारों वर्षांची परंपरा सांगणाऱ्या फेरोंच्या सिंहासनावर तो स्वतः बसला. या घटनेसंबंधानें आमच्या सुशिक्षित वाचकांस जें कांहीं ठाऊक असतें तें बहुतेक सर्व एकाच ग्रंथांतून आलेलें असतें. तो ग्रंथ म्हणजे हिरोडोटस या ग्रीक लेखकाचा इतिहास, आणि त्यांतही त्याचा तिसरा खंड. हा खंड ज्यानें एकदां वाचला त्याच्या मनांतून कंबायसिस सहसा जात नाहीं. देवळांतल्या मूर्तीस हंसणारा, पवित्र बैलावर खंजीर उगारणारा, आपल्याच सरदाराच्या मुलावर बाणाचा नेम धरणारा हा वेडा राजा वाङ्मयांतील एक ठळक पात्र होऊन बसला आहे. तें पात्र इतिहासांतलें कीं नाटकांतलें, आणि नाटकांतलें ठरल्यास ग्रंथाची किंमत त्यामुळें किती उतरते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कथानक थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सायरसाचा पुत्र कंबायसिस ख्रिस्तपूर्व ५३० मध्यें गादीवर आला. त्यानें इजिप्तवर स्वारी करण्याचें ठरविलें तेव्हां तेथें अमासिस हा वृद्ध आणि धोरणी राजा राज्य करीत होता. परंतु इराणी सैन्य येऊन पोहोंचण्यापूर्वींच तो वारला आणि राज्य त्याच्या मुलाकडे गेलें. या मुलास हिरोडोटस सामेनिटस म्हणतो; इजिप्तच्या राजावळींत तो तिसरा सामेटिक होय. अमासिसाच्या पदरचा फेनीस नांवाचा एक ग्रीक सरदार फितूर होऊन इराण्यांस मिळाला, वाळवंट ओलांडतांना लागणारें पाणी अरबांनीं पुरविलें, आणि नाईल नदीच्या पूर्वेकडील मुखाशीं पेल्यूशियम येथें लढाई होऊन इजिप्तचें सैन्य मोडलें. पुढें मेंफिस पडलें आणि अवघ्या सहा महिन्यांत नव्या राजाची कारकीर्द संपली.

यापुढचा प्रसंग हिरोडोटसानें ज्या हातानें लिहिला आहे तो हात सामान्य इतिहासकाराचा नव्हे. मेंफिस पडल्यावर दहाव्या दिवशीं कंबायसिसानें कैदी राजास नगराबाहेर आणून बसविलें आणि त्याच्या मनाची परीक्षा आरंभिली. राजकन्येस दासीचा वेष देऊन घागरीसह पाणी आणावयास धाडिलें. तिच्याबरोबर इतर सरदारांच्या मुलीही होत्या. मुली रडत समोरून गेल्या तेव्हां त्यांचे बाप रडूं लागले. राजानें केवळ मान खालीं घातली. नंतर दोन हजार तरुणांची रांग गळ्यांत दोर आणि तोंडांत लगाम घालून वधासाठीं नेण्यांत आली, आणि तिच्या अग्रभागीं राजाचा मुलगा होता. राजानें पुन्हां मान खालीं घातली. इतक्यांत त्याच्या पंक्तीस बसणारा एक जुना म्हातारा मित्र, सर्वस्व गमावलेला, शिपायांपुढें हात पसरीत तिकडून गेला. त्यास पाहतांच मात्र राजानें हंबरडा फोडला, मित्रास नांवानें हांक मारली आणि कपाळ बडवून घेतलें. कंबायसिसानें कारण विचारलें असतां तो म्हणाला कीं, घरचें दुःख रडण्यापलीकडचें होतें. मित्राच्या दुःखास मात्र अश्रु शोभतात. हें ऐकून जेत्याचेंही मन द्रवलें आणि मुलास सोडण्याचा हुकूम सुटला. परंतु निरोप्या पोहोंचला तेव्हां मुलाचा वध होऊन गेला होता.

येथपर्यंतचा कंबायसिस कठोर असला तरी माणूस आहे. यापुढें मात्र तो पायरीपायरीनें खालीं उतरतो. साइस नगरांत जाऊन तो अमासिसाचें प्रेत बाहेर काढवितो, त्यास फटके मारवितो आणि शेवटीं जाळवितो. अग्नि हा इराण्यांस देव. प्रेतानें त्यास विटाळणें त्यांच्या धर्मास निषिद्ध. मुंबईस पारशी समाजाच्या शेजारीं राहिलेल्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको. पुढें वाळवंटांतील ॲमन देवाच्या स्थानावर धाडलेले पन्नास हजार शिपाई वाळूच्या वादळांत गडप होतात. इथिओपियावर शिधासामग्रीवांचून नेलेलें सैन्य उपासमारीनें माणसें खाऊं लागतें. हताश होऊन राजा मेंफिसला परततो तों लोक उत्सव करीत असलेले त्यास दिसतात. एपिस नांवाचा पवित्र बैल प्रकट झाला होता. परंतु राजास वाटतें कीं, हा आनंद आपल्या फजितीचा आहे. तो बैलाच्या पोटावर खंजीर उगारतो, घाव मांडीवर बसतो, पुजाऱ्यांस फटके मिळतात आणि बैल देवळांत तळमळून मरतो. त्यानंतर भावाचा खून, बहिणीचा खून, प्रेक्सास्पिसाच्या मुलाच्या काळजांतून गेलेला बाण असा क्रम लागतो. अखेर घोड्यावर चढतांना राजाची स्वतःचीच तरवार त्याच्या मांडींत शिरते, आणि तीही नेमकी त्याच जागीं, जेथें त्यानें बैलास मारिलें होतें.

ही रचना पाहतां हिरोडोटसानें अथेन्सच्या रंगभूमीवरील शोकांतिकांपासून किती घेतलें आहे हें मर्मज्ञ वाचकाच्या तेव्हांच ध्यानीं येतें. अपराध आणि प्रायश्चित्त यांची जागासुद्धां एकच. एकबाटाना येथें मरण येईल असें देववाणीनें सांगितलेलें. राजास वाटतें, तें आपल्या मीडिया प्रांतांतील नगर. प्रत्यक्षांत त्याच नांवाचें सीरियांतील एक गांव निघतें. मरणापूर्वीं त्यास शुद्धि येते आणि सर्व कांहीं कळतें, परंतु उशिरा. ही सारी शोकांतिकेची यंत्रणा आहे, आणि ती इतक्या सफाईनें चालते कीं आपण ती पाहत आहोंत हेंच वाचक विसरतो.

तथापि हिरोडोटस भोळा होता असा निष्कर्ष यावरून कोणीं काढूं नये. पेल्यूशियमच्या रणांगणावर जाऊन त्यानें तेथील हाडें स्वतः पाहिलीं. इराण्यांच्या कवट्या ठिसूळ आणि इजिप्शियनांच्या टणक कां, याचें कारण तो डोकीं भादरून उन्हांत वावरण्याच्या रिवाजांत शोधतो. कंबायसिसाची आई इजिप्तची राजकन्या होती असें इजिप्शियन लोक सांगत. ती गोष्ट तो नोंदवितो आणि इराणी वारशाचे नियम पुढें करून खोटी ठरवितो. राजाच्या वेडाबद्दलही तो दोन मतें देतो. बैलाच्या वधामुळें वेड लागलें हें इजिप्शियनांचें मत, आणि जन्मापासून जडलेल्या फेंपऱ्यामुळें बुद्धीवर परिणाम झाला असावा हें दुसरें. जो लेखक इतकी चौकशी करतो त्यास लबाड म्हणणें अन्यायाचें होईल. त्यानें जें ऐकलें तें मोठ्या निष्ठेनें टिपलें. पण त्यानें कोणाकडून ऐकलें?

या प्रश्नाचें उत्तर देण्यास आम्हां भारतीय वाचकांस एक विशेष सोय आहे. ज्या तिसऱ्या खंडांत कंबायसिसाची कथा आहे त्याच खंडांत हिंदुस्थानाचें वर्णन आहे. तेथें लिहिलें आहे कीं, हिंदुस्थानच्या वाळवंटांत कोल्ह्याहून मोठ्या आणि कुत्र्याहून लहान अशा मुंग्या असून त्या जमिनींतून सोनें उकरतात. धर्म हा ज्याचा त्यास प्रिय असतो हें दाखविण्यासाठीं तेथेंच एक गोष्ट सांगितली आहे. दरायस बादशहानें ग्रीकांस विचारलें कीं, किती द्रव्य घेतल्यास तुम्ही मेलेल्या बापाचें मांस खाल. ते म्हणाले, कितीही दिलें तरी नाहीं. मग त्यानें कल्लाटी नांवाच्या हिंदी लोकांस, जे बापाचें मांस खात असत, विचारलें कीं, किती घेतल्यास बापाचें प्रेत जाळाल. त्यांनीं कानांवर हात ठेविले. या गोष्टींतलें तात्पर्य उत्तम आहे, परंतु आपल्या देशासंबंधींची तिच्यांतली माहिती वाचून आपण हंसतों. मग इजिप्तविषयीं तोच लेखक, त्याच खंडांत, तशाच ऐकीव आधारावर जें सांगतो तें मात्र आपण डोळे मिटून कां मानावें? ज्या प्रकरणांत ही गोष्ट येते तें कंबायसिसाच्याच वेडाचें आहे हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे. परक्यांच्या चालीरीतींस हंसणारा राजा वेडाच असला पाहिजे, हा लेखकाचा सिद्धान्त. आणि त्या सिद्धान्तास साजेल असा राजा त्यास हवा होता.

आतां दगडांची साक्ष पाहूं. आमच्याकडे राजवाड्यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हांपासून बखरीची कथा आणि अस्सल कागद यांचा झगडा मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. इजिप्तमध्यें कागदाचें काम दगडानें केलें. मेंफिसजवळ सक्कारा येथें एपिस बैलांचीं भुयारी थडगीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मारिएट या फ्रेंच संशोधकास सांपडलीं. त्यांत एका बैलाची ग्रॅनाइटची पेटी असून ती खुद्द कंबायसिसानें अर्पण केली असें तिच्यावर कोरलेलें आहे. कंबायसिसाच्या राज्याच्या सहाव्या वर्षीं, म्हणजे ख्रिस्तपूर्व ५२४ मध्यें, हा बैल विधिपूर्वक पुरण्यांत आला. सोबतच्या शिलालेखावर राजा इजिप्शियन पोषाखांत देवापुढें गुडघे टेकून बसलेला दाखविला आहे. त्यानंतरचा बैल पांचव्या वर्षींच जन्मला होता आणि तो दरायसाच्या चौथ्या वर्षीं, ख्रिस्तपूर्व ५१८ मध्यें मेला. म्हणजे एक बैल राजाच्या खर्चानें सन्मानानें पुरला गेला आणि दुसरा राजाच्या मागें चार वर्षें जगला. मग कंबायसिसानें मारिला तो बैल कोणता? या दोहोंच्या मध्यें तिसरा बैल कल्पून कथा वांचविण्याचा यत्न झालेला आहे. परंतु ती केवळ कल्पनाच आहे. भावाच्या खुनाची गोष्टही अशीच. बेहिस्तूनच्या कड्यावर दरायसानें कोरविलेल्या लेखाप्रमाणें तो खून इजिप्तच्या स्वारीपूर्वीं झाला. हिरोडोटसानें तो बैलाच्या वधानंतर ठेविला, कारण नाटकांत त्याची जागा तीच होती.

दुसरी साक्ष अधिक बोलकी आहे. रोममध्यें व्हॅटिकनच्या संग्रहालयांत काळसर दगडाची, मस्तक नसलेली एक मूर्ति आहे. हातांत देवाचें लहान मंदिर धरून उभ्या असलेल्या या पुरुषाचें नांव उद्जाहोररेस्नेत. अमासिस आणि त्याचा मुलगा यांच्या आरमाराचा तो अधिकारी होता. देश पडल्यावर तोच कंबायसिसाचा राजवैद्य आणि दरबारी झाला. मूर्तीच्या अंगावर त्यानें आपलें चरित्र कोरविलें आहे. फेरोस शोभणारें नांव कंबायसिसास आपणच रचून दिलें. साइस येथील नीथ देवीच्या आवारांत घुसून राहिलेले परके लोक राजास विनंती करून आपणच हांकलून लावविले. देऊळ शुद्ध झालें, त्याचें उत्पन्न परत मिळालें, आणि राजानें स्वतः येऊन देवीपुढें साष्टांग नमस्कार घातला, असें तो सांगतो. हिरोडोटसाचा कंबायसिस साइसला जातो तो प्रेत जाळण्यासाठीं. या मूर्तीचा कंबायसिस तेथें जातो तो देवीस नमस्कार करण्यासाठीं. एकाच नगरांतील एकाच राजाचीं हीं दोन चित्रें होत.

या शोधांनंतर अनेक पंडितांनीं हिरोडोटसास दोषी ठरवून कंबायसिसास निर्दोष सोडून दिलें. आमच्या मतें येथें घाई झाली. कथा खोटी ठरली म्हणून दगड खरा ठरत नाहीं. ज्या मनुष्याच्या हातीं राष्ट्राचें आरमार होतें आणि ज्यास नवा धनी येतांच नवें पद मिळालें, त्यानें नव्या धन्याची स्तुति करावी यांत नवल कोणतें? अमासिसाचें नांव अनेक स्मारकांवरून छिन्नीनें खोडलेलें आढळतें, तेव्हां मृत राजाविषयींच्या वैराच्या कथेंत कांहींच तथ्य नसेल असें म्हणवत नाहीं. आणि खुद्द उद्जाहोररेस्नेताच्या लेखांतही एक ठिकाणीं पडदा किंचित् सरकतो. सर्व देशांत पूर्वीं कधीं झाली नव्हती अशी मोठी उलथापालथ झाली, असें तो म्हणतो. त्या वेळीं ज्यांस मूठमाती देणारें कोणी नव्हतें त्यांचें दफन आपण केलें, त्यांचीं मुलें पोसलीं, त्यांचीं घरें पुन्हां उभीं केलीं. ही उलथापालथ कोणीं केली हें मात्र तो सांगत नाहीं. राजाचें नांव त्या वाक्यांत नाहीं. या मनुष्यास आम्ही देशद्रोही म्हणावें कीं संकटांत आपल्या गांवास सांवरणारा म्हणावें, हा प्रश्न आम्हांस सुटलेला नाहीं. आणि पारतंत्र्यांतून गेलेल्या कोणत्याही समाजास तो सहज सुटेल असें वाटत नाहीं. परंतु दफनावांचून पडलेलीं प्रेतें आणि पोरकीं मुलें हीं वेड्या राजाच्या कथेंतलीं नव्हेत. तीं राजाच्या स्तुतीसाठीं कोरलेल्या दगडांतलीं आहेत, म्हणून त्यांवर आमचा विश्वास बसतो.

मग वेडाची कथा आली कोठून? याचा धागा एका मामुली हुकुमांत सांपडतो. पॅरिस येथील एका पपायरसाच्या पाठीवर कंबायसिसाच्या एका आज्ञेची नक्कल आहे. तीप्रमाणें कांहीं थोडीं देवळें वगळून बाकीच्यांस सरकारांतून मिळणारें उत्पन्न कापण्यांत आलें. गुरांचें प्रमाण घटविलें, आणि पक्ष्यांच्या बाबतींत तर पुजाऱ्यांनीं हंस आपले आपण पाळावे आणि तेच देवास वाहावे, असें स्पष्ट लिहिलें. ज्या पुजाऱ्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या सरकारी हंस येत होते त्यांस या राजाविषयीं काय वाटलें असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं. हिरोडोटस इजिप्तमध्यें गेला तो ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, म्हणजे जिंकल्यापासून पाऊणशें वर्षांनीं. तोंवर उत्पन्न कापणाऱ्या राजाचें रूपांतर देव मारणाऱ्या राजांत झालें होतें. तें केवळ ग्रीकांच्या डोक्यांतही नव्हतें. एलिफंटाइन बेटावर इराण्यांच्या चाकरींत असलेल्या यहुदी शिपायांनीं ख्रिस्तपूर्व ४०७ मध्यें लिहिलेल्या अर्जांत, कंबायसिस आला तेव्हां इजिप्तच्या देवांचीं सर्व देवळें पाडलीं गेलीं, पण आमच्या देवळास कोणीं धक्का लावला नाहीं, असें म्हटलें आहे. त्यांचें देऊळ तेव्हां नुकतेंच पाडलें गेलें होतें आणि तें पुन्हां बांधण्याची परवानगी त्यांस हवी होती. तेव्हां त्यांच्याही बोलण्यांत हेतु आहे. प्रत्येक साक्षीदार आपापल्या देवळाच्या दारांत उभा राहून बोलत आहे, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे साक्षींतील विरोधाचें फारसें आश्चर्य वाटत नाहीं.

आतां आम्ही आमच्या मुख्य आक्षेपाकडे येतों. हिरोडोटसानें कंबायसिसास वेडा ठरविलें यांत कंबायसिसावर अन्याय झाला, हें खरें. परंतु त्याहून मोठा अन्याय इजिप्तवर झाला. इराणी लोक सायरसास बाप, कंबायसिसास धनी आणि दरायसास वाणी म्हणत, असें हिरोडोटस सांगतो. बाप, धनी आणि वाणी! म्हणजे राज्य एकच. बदलतो तो राज्यकर्त्याचा स्वभाव. एकदां हा दृष्टिकोन पत्करला म्हणजे साऱ्या दुःखाचा दोष एका वेड्याच्या माथीं जातो, आणि वेडा मेला कीं दुःख संपलें असें वाटूं लागतें. पुढील लेखकांनीं हेंच केलें. डायोडोरस दरायसाची गणना इजिप्तला कायदे देणाऱ्या थोर पुरुषांत करतो, आणि कंबायसिसाच्या अत्याचारांचा त्यास तिटकारा होता असें सांगतो. वेडा राजा गेला, शहाणा आला, प्रकरण मिटलें.

दरायस शहाणा होता यांत शंका नाहीं. त्यानें इजिप्तचे जुने कायदे एकत्र लिहून काढण्यासाठीं विद्वानांस बोलाविलें. उद्जाहोररेस्नेतास परत पाठवून साइस येथील विद्यालय पुन्हां चालू करविलें. खार्गा येथील हिबिसच्या देवळाच्या भिंतीवर फेरोच्या वेषांत त्याचीं चित्रें आहेत. नाईल नदीपासून तांबड्या समुद्रापर्यंत त्यानें कालवा नेला, आणि त्याच्या कांठीं मोठे शिलालेख उभे केले. परंतु या शिलालेखांत तो काय सांगतो? मी इराणी आहें, इराणांतून येऊन मी इजिप्त घेतला, आणि माझ्या आज्ञेनें गलबतें येथून इराणला गेलीं, असा त्याचा मतलब आहे. कालवा इजिप्तच्या भूमींत, परंतु त्याचें तोंड इराणकडे! १९७२ मध्यें सूसा येथें दरायसाची एक भव्य मूर्ति सांपडली. ती इजिप्तमध्यें घडविलेली असून आतां तेहरानच्या संग्रहालयांत आहे. तिच्यावरील चित्रलिपींत दरायस हा आटुम देवानें निवडलेला राजा आहे. त्याच मूर्तीच्या वस्त्रावर इराणच्या तीन भाषांत लिहिलें आहे कीं, इराणी पुरुषानें इजिप्त जिंकला हें पुढें पाहणाऱ्यास कळावें म्हणून ही मूर्ति घडविली. ज्यांस चित्रलिपि वाचतां येई त्यांस एक सांगावयाचें आणि ज्यांस बाणाक्षरें वाचतां येत त्यांस दुसरें, हें शहाण्या राज्यकर्त्याचें शहाणपण. त्या मूर्तीच्या बैठकीवर चोवीस जित राष्ट्रांचीं नांवें कोरलीं असून प्रत्येकावर गुडघे टेकून हात वर केलेला एकेक पुरुष आहे. त्या रांगेंत जसा इजिप्त आहे तसा हिंदुस्थानही आहे. हिरोडोटसाच्या करांच्या यादींतही दोघे आहेत. इजिप्त आणि लगतचा मुलूख सातशें टॅलंट चांदी देई आणि मेंफिसच्या किल्ल्यांतील इराणी शिबंदीस एक लक्ष वीस हजार मापें धान्य पुरवी. हिंदुस्थानकडून तीनशें साठ टॅलंट सोन्याची भुकटी जाई. हिंदुस्थान म्हणजे येथें सिंधूकांठचा प्रांत समजावयाचा.

इजिप्शियन जनतेस या शहाण्या राज्याविषयीं काय वाटत होतें हें तिच्या बंडांवरून दिसतें. कंबायसिस ख्रिस्तपूर्व ५२२ मध्यें मेला. त्या गडबडीच्या काळांत बंड करणाऱ्या प्रांतांत इजिप्तचें नांव बेहिस्तूनच्या लेखांत आहे, आणि पेटुबास्टिस नांवाच्या एका बंडखोर फेरोच्या नांवाचे दगड दाखला मरुवनांतील एका उद्ध्वस्त देवळांत मिळाले आहेत. यावरून, वाळूनें गिळलेले पन्नास हजार शिपाई वस्तुतः याच फेरोच्या हातून मारले गेले असावेत, असें अनुमान ओलाफ कॅपर या डच संशोधकानें २०१४ मध्यें मांडलें. तें सिद्ध झालेलें नाहीं. परंतु पराभवापेक्षां वादळाची कथा जेत्यास अधिक सोईची, हें त्यांतलें तत्त्व विचार करण्याजोगें आहे. पुढें खुद्द दरायसाच्या अखेरीस, ख्रिस्तपूर्व ४८६ मध्यें, पुन्हां बंड झालें. ख्रिस्तपूर्व ४६० च्या सुमारास इनारोसानें अथेन्सच्या आरमाराच्या साह्यानें उठाव केला आणि बादशहाच्या घराण्यांतील सुभेदार अकीमेनिस यास रणांत मारिलें. तो उठाव बुडाला. ख्रिस्तपूर्व ४०४ मध्यें मात्र अमिर्टेयस यशस्वी झाला. वेड्याच्या कारकीर्दीत जेवढीं बंडें झालीं त्याहून शहाण्यांच्या कारकीर्दीत अधिक झालीं, या गोष्टीचा अर्थ हिरोडोटसाच्या सिद्धान्तानें लागत नाहीं. बंडें राजाच्या स्वभावाविरुद्ध नव्हतीं. राजा परका होता आणि धान्याचीं मापें किल्ल्यांत जात होतीं, याविरुद्ध तीं होतीं.

हा मुद्दा आम्ही इतक्या आग्रहानें मांडतों याचें कारण उघड आहे. आपल्या देशानें १९४७ पर्यंत आणि गोव्यानें १९६१ पर्यंत परकी अंमल पाहिला, आणि त्या इतिहासाच्या पुस्तकांतही अमुक गव्हर्नर वाईट, अमुक चांगला, अशी वांटणी करण्याची खोड आपणांस लागली. एकानें जुलूम केला, दुसऱ्यानें रस्ते बांधले; एकाचा निषेध, दुसऱ्याचा पुतळा. ही वांटणी वाचावयास सोपी असते, कारण तींत माणसें असतात. परंतु तिच्यामुळें राज्य हें काय होतें, हा प्रश्न मागें पडतो. हिरोडोटसाचा कंबायसिस हा या खोडीचा आदिपुरुष आहे, आणि तो इतका उत्तम लिहिला गेला आहे म्हणूनच त्याच्यापासून सावध राहिलें पाहिजे.

मग हा खंड वाचूं नये काय? आम्ही तर उलट म्हणतों कीं, तो वाचावाच, आणि दगडांच्या साक्षीसह वाचावा. बैलाचा वध, जुळून आलेला मांडीचा घाव, देववाणीची दुहेरी भाषा, हें सर्व कौशल्याचें काम म्हणून वाचावें आणि तेथेंच सोडावें. परंतु मेंफिसच्या वेशीबाहेर बसलेल्या राजाचा प्रसंग वेगळा आहे. तोही कदाचित् घडला नसेल. तथापि त्यांत राष्ट्राच्या पराजयाचें जें चित्र आहे तें ना उद्जाहोररेस्नेताच्या मूर्तीवर आहे, ना दरायसाच्या. मूर्ति सांगतात कीं नांवें दिलीं, देवळें शुद्ध केलीं, कालवे खणले. सर्वस्व गमावून शिपायांपुढें हात पसरणाऱ्या म्हाताऱ्यास कोणत्याही शिलालेखांत जागा मिळाली नाहीं. ती हिरोडोटसानें दिली, आणि त्याला नांव नसतांही दिली. वेड्या राजाची कथा त्यानें पुजाऱ्यांकडून घेतली असेल. हा म्हातारा मात्र त्यानें स्वतः पाहिला असावा असें वाटतें, मेंफिसला नव्हे तर दुसऱ्या कोठल्या तरी पडलेल्या नगरांत. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील हॅलिकार्नासस या ज्या गांवीं त्याचा जन्म झाला तें गांवही त्या वेळीं इराणी साम्राज्यांतच होतें.